कोयनेल

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतावर सिंकोना नावाचा वृक्ष होतो. त्याच्या सालीचे चूर्ण हिवतापाच्या रोग्यांस देत असत. परंतु एका सालीत गुण अधिक, तर दुसरीत अगदी थोडा! मग मात्रा ठरवावी कशी? इ. स. १८२० मध्ये पॅरिस येथे पेल्तिए व कावांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून एक कडूजहर सत्त्व वेगळे काढले. तेच क्विनीन, मराठी माणसाचे कोयनेल. आता औषध तोलून देता येऊ लागले. ही कृती त्यांनी गुप्त ठेवली नाही, सर्वांस खुली केली. हा त्यांचा मोठेपणा. हिवतापाचे जंतू तांबड्या रक्तपेशींत शिरून तेथील रक्तद्रव्य खातात. त्यातून निघणारे विष ते एरवी निरुपद्रवी करून टाकतात. क्विनीन ही क्रियाच रोखते, आणि जंतू स्वतःच्या अन्नातील विषाने मरतो, असे शास्त्रज्ञ मानतात.