खोक्यावरचं वाचू नकोस, बाळाकडे बघ

काल सदर बाजारातल्या दुकानात उभी राहून तू मला फोटोवर फोटो पाठवत होतीस आणि प्रत्येकाखाली एकच प्रश्न, ताई, हे घेऊ? अगं, खोक्यावर बुद्धीचा विकास, एकाग्रता, हात-डोळ्यांचा मेळ असं सगळं लिहिलेलं बघून कुणालाही वाटेल की हे घेतलं नाही तर आपलं पोर मागे पडणार. खरं सांगू का, ते शब्द छापायला शाई लागते, बाकी काही नाही. मीही थोरल्यासाठी सहाव्या महिन्यात लाकडी अक्षरांचा संच आणला होता. त्याने त्यातला 'ग' चाटून चाटून गुळगुळीत केला. अक्षरओळख तेवढीच झाली!

तू एवढंच बघ, की बाळाचा सध्या कसला उद्योग चालू आहे. त्या उद्योगाला हातभार लावेल ते खेळणं कामाचं. जन्मल्यावर पहिले काही आठवडे त्याला वीस-तीस सेंटिमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर तुझा चेहरा असतो तेवढ्यावर. तेव्हा तूच त्याचं खेळणं. आपल्या आज्या पाळण्यावर चिमणाळं बांधायच्या, तेही याच वयासाठी. फक्त ते बाळाच्या हाताला लागेल इतकं खाली नको, आणि बाळ हात-गुडघे टेकून उठू लागलं की सोडून ठेव. दोऱ्या गळ्यात अडकतात गं.

तुझं पिल्लू आता पाच महिन्यांचं. हाताला येईल ते पकडायचं आणि तोंडात घालायचं, हेच त्याचं काम. ओरडू नकोस त्याला; वस्तू मऊ की कडक, गुळगुळीत की खरखरीत, हे त्याला जिभेनेच कळतं. तू वस्तू तेवढी नीट निवड. मुठीत मावेल असा खुळखुळा, चार वेगवेगळ्या कापडांचे तुकडे शिवून केलेला चेंडू, धुतलेला लाकडी चमचा. झालं की!

आणि पुढे आठव्या-नवव्या महिन्यात एक दिवस ते वाटी खाली टाकेल. तू उचलून देशील, ते पुन्हा टाकेल. तुला वाटेल, मुद्दाम छळतंय. तसं नाही, बघ. दिसेनाशी झालेली वस्तू कुठेतरी असतेच, हे त्याला याच सुमारास उमजायला लागतं. आवाज कसा होतो, आई वाकते का, सगळं ते तपासून बघत असतं. या वयाला झाकणाचे डबे दे, एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या वाट्या दे, जुन्या डब्याला भोक पाडून त्यात ओढणी कोंब आणि ती ओढून काढू दे. पत्र्याची कड मात्र बोथट कर, आणि ओढणी आखूड घे. अर्धा तास निवांत भाजी निवडशील. टाकलेली वाटी उचलून उचलून कंबर दुखली तर ती दोरीने बांध म्हणणार होते, पण आत्ताच दोऱ्यांवरून तुला दटावलं, तेव्हा राहू दे!

हे घरगुती म्हणून कमी प्रतीचं समजू नकोस हं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा माँटेसोरीची महागडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे यांतूनच साधनं उभी केली. अर्थात ती मुलं मोठी होती. आपल्या पाच महिन्यांच्या गड्याला बिया-खडे अजिबात नकोत.

आता दुकानातलं. खेळण्यावर आयएसआयची खूण बघ. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत सुट्टं, बिनखुणेचं प्लास्टिक स्वस्त मिळतं, त्याच्या मोहात पडू नकोस. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर रुंदीच्या नळीत घेतात, त्यात मावेल तो तुकडा धोक्याचा. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे त्याहून जरा मोठी वस्तूसुद्धा घशात अडकू शकते. डोळे, बटणं, चाकं ओढून बघ. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद असायलाच हवं. बटणासारखा चपटा सेल पोटात गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तशी शंका आली तर कुणाचे घरगुती उपाय ऐकत बसायचं नाही, थेट दवाखाना.

हस्तकलेच्या नोंदणीकृत कारागिरांना आयएसआयच्या खुणेतून सूट आहे, म्हणून लाकडी खेळणी घेताना आपणच चौकस व्हायचं. भोपाळला जाताना इटारसीच्या पुढे, आपल्या नर्मदामाईच्याच काठावर बुधनी लागतं, तिथली लाकडी खेळणी बघ. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबतात, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून रंग चढतो. 'रंग लाखेचाच ना?' असं विचार आणि ओलं पांढरं फडकं घासून बघ. भेडाघाटहून कुणी गोऱ्या पत्थरातला नाजूक हत्ती आणला तर तो शोकेसमध्ये. जड असतो, टवके उडतात.

वॉकर नको म्हणजे नको. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. त्यात मूल बसल्या बसल्या सुसाट जातं, चालायला काही शिकत नाही, आणि पायऱ्यांवरून पडतं ते वेगळंच. आपला पांगुळगाडा बरा, पण पोर स्वतः धरून उभं राहायला लागल्यावरच, आणि तू मागे हवीस. अंगाचा भार त्याचा त्याला पेलावा लागतो.

संक्रांतीला सासूबाई बोरन्हाण करतीलच. हौसेने कर, काळी झबली शीव, फोटो काढ. पण डोक्यावरून ओतताना शेंगदाणे, हरभरे, गोळ्या आणि ती टणक बोरं वगळ. चुरमुरे आणि मोठे बत्तासे पुरेत, आणि खाली सांडलेलं सगळं आधी झाडून काढ, मग बाळाला खाली ठेव. कुणी नाक मुरडलं तर ताईने सांगितलंय म्हण.

आणि बारशाला आलेली ती दिवे लावून किंचाळणारी मोटार? माळ्यावर टाक. आत्याबाई यायच्या आदल्या दिवशी खाली काढ, आणि त्या गेल्या की सेल काढून परत वर.