बधिर पायांची शुश्रूषा आणि आरोग्य केंद्र

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. वेचणीच्या दिवसांत येथील शेतमजूर सकाळपासून सायंकाळपर्यंत पायांवर उभा असतो. पऱ्हाटीचे धसकट पायात घुसले तर तो कळवळतो आणि काम थांबवितो. परंतु ज्याच्या तळपायाची संवेदनाच नाहीशी झाली आहे, तो त्याच पायाने दिवसभर चालत राहतो. कुष्ठरोगाने किंवा दीर्घकाळच्या मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला व्रण पडतो तो असा. जखम दुखत नाही, म्हणून माणूस दवाखान्यात जात नाही. आणि जातो तेव्हा पुष्कळदा जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचलेला असतो.

पूर्वी विदर्भातील कुष्ठरुग्णाला अशा शुश्रूषेसाठी घर सोडावे लागे. वर्ध्याजवळील दत्तपूर (१९३६), अमरावतीचे तपोवन (१९४६) व वरोऱ्याचे आनंदवन ही त्यांची आश्रयस्थाने होती. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होऊ लागला. पुढे कुष्ठसेवा सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाली. रुग्ण घरीच राहू लागला, ही मोठीच प्रगती होय. मात्र औषधाने जंतू मरतात, मेलेली नस जिवंत होत नाही. त्यामुळे बरा झालेला माणूसही बधिर पाय घेऊन गावातच असतो व त्याचे नाव उपचाराच्या यादीतून गेलेले असते.

ब्रिटनसारख्या देशात पायांच्या शुश्रूषेचे स्वतंत्र व्यावसायिक असतात. आपल्या शासकीय सेवेत हे काम वैद्यकीय अधिकारी, कुष्ठरोग तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट व शल्यचिकित्सक यांच्यात विभागलेले आहे. साहजिकच कोणाकडे जावे हे ग्रामस्थास उमजत नाही. त्याची पहिली पायरी आशा कार्यकर्ती अथवा उपकेंद्र, दुसरी प्राथमिक आरोग्य केंद्र. तेथे रुग्णाचे डोळे मिटवून बॉलपेनचे टोक तळपायास हलके टेकवितात व स्पर्श कोठे झाला ते विचारतात. ही तपासणी काही मिनिटांची आहे. बधिरता सहा महिन्यांच्या आतील असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या स्टिरॉइडने नस सावरण्याची शक्यता असते. म्हणूनच विलंब महाग पडतो. चिघळलेल्या जखमेसाठी व लोंबत्या पावलाच्या शस्त्रक्रियेच्या सल्ल्यासाठी रुग्णास यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे पाठविता येते. मधुमेहासाठी तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी शासकीय कार्यक्रमात अंतर्भूत आहे. त्या वेळी पायही पाहावेत असा आग्रह ग्रामपंचायतीने धरावा.

दैनंदिन काळजी तर घरचीच आहे. पाय सुमारे वीस मिनिटे साध्या पाण्यात बुडवून ठेवावेत, घट्टे खरबरीत दगडाने हलके घासावेत आणि ओलसर त्वचेवर तेल लावावे. रोज सायंकाळी तळवा आरशात पाहावा. नजर अधू असल्यास घरातील शाळकरी मुलाने तो पाहावा. शिक्षकांनी मुलांना हे अवश्य शिकवावे. भेगेवर बिब्बा लावण्याची जुनी चाल बधिर पायाच्या बाबतीत घातक आहे, कारण पोळल्याचे रुग्णास कळतच नाही. गरम पाण्याच्या शेकाचेही तेच. जखम झालेल्या पायाला सर्वांत मोठे औषध म्हणजे विश्रांती. हातावर पोट असलेल्यास ती सांगणे सोपे, मिळणे कठीण. हंगामात अशा मजुरास बसून करावयाचे काम देणे गावाच्या हाती आहे.

कुष्ठरोगामुळे बधिरता आलेल्यांना मऊ सूक्ष्मछिद्री रबराची पादत्राणे विनामूल्य देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात असून वर्षाला दोन जोड अपेक्षित आहेत. त्यांची मागणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्ह्याच्या सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग) यांच्या कार्यालयाकडे जाते. पादत्राणास टाचेमागे पट्टा हवा, कारण वाकलेल्या बोटांनी साधी चप्पल धरवत नाही. माप प्रत्यक्ष पावलाचे घ्यावे. जोड उसवल्यास गावच्या चर्मकारास आधीच सांगावे की, तो चिकटवावा किंवा दोऱ्याने शिवावा; खिळा मारू नये.