बसलेल्या आवाजाचा रियाज

चि. मुक्तास,


विशारदची परीक्षा तोंडावर आली, त्यात आवाज बसला, आणि तू रोज चार तास गाऊन तो ‘मोकळा’ करते आहेस, असं लिहिलंस. आधी तो रियाज थांबव. सुजलेला गळा गाऊन मोकळा होत नाही, आणखी सुजतो.

काळी पाचचा मध्य षड्ज लावतेस तेव्हा तुझे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 233 वेळा एकमेकांना भिडतात. तार षड्जाला याच्या दुप्पट. निरोगी गळ्याला हे पेलतं. सूज असताना महिनोन्महिने जोर लावला तर मात्र तंतूंवर गाठी धरतात. सूज ओळखायची खूण सांगते. तार सप्तकातला एखादा स्वर अगदी हळू लावून बघ. आधी हवा आणि मग स्वर आला, किंवा जोर केल्याशिवाय तो लागलाच नाही, तर गळा विश्रांती मागतो आहे.

तुझा आवाज नुसत्या गाण्याने बसलेला नाही, असं मला वाटतं. दिवसभर वर्गात मुलांवर ओरडायचं, लोकलच्या खडखडाटात फोनवर बोलायचं, आणि संध्याकाळी तानपुरा जुळवायचा! गळा एकच आहे गं. वर्गात टाळी वाजवून मुलांना गप्प कर, लोकलमध्ये फोन उचलू नकोस. आवाज वाचवायचा म्हणून कुजबुजूही नकोस. त्यानेही ताण येतो. सारखं खाकरण्याऐवजी घोटभर पाणी पी. प्यालेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, अन्ननलिकेतून जातं. म्हणून मंचावर बाटली रिकामी करण्यापेक्षा दिवसभर पाणी पीत राहा. वाफ मात्र थेट पोचते. ज्येष्ठमधाने बरं वाटतं, पण बरं वाटलं म्हणून लगेच गायला बसू नकोस. कार्यक्रमानंतर मध्यरात्री तिखट जेवून आडवं होणंही सोड. पोटातलं आम्ल घशाशी येतं आणि सकाळी आवाज घोगरा होतो.

बरी झालीस की पहाटे खरजाने सुरुवात कर, पण खरज दाबून काढू नकोस; जेवढा सहज लागेल तेवढाच. जबडा सैल, खांदे खाली, आकार मोकळा. आणि काळी पाचचा हट्ट सोड. मैत्रीण त्या पट्टीत गाते म्हणून तूही गायलीच पाहिजेस असं नाही. काळी चारमध्ये तुझा तार पंचम न ओरडता लागतो, मी ऐकला आहे.

गाणं बंद म्हणजे शिकणं बंद, असं मानू नकोस. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज अतोनात गाऊन गेला होता; परत आला तेव्हा तो पूर्वीचा नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी घडवली. त्यांच्याच घराण्यातल्या किशोरीताईंचाही आवाज ऐन तारुण्यात काही काळ गेला होता. तूही बंदिशी मनात म्हण, आलापांचे आराखडे लिही, भरपूर ऐक.

घोगरेपणा तीन आठवड्यांत गेला नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि दुर्बिणीतून स्वरतंतू तपासून घे. गाठ निघाली तरी घाबरू नकोस. विश्रांती आणि वाणी-उपचारांनी अशा बहुतेक गाठी आटोक्यात येतात, शस्त्रक्रियेची वेळ क्वचित येते. परीक्षा पुढच्या सत्रात देता येईल. या सत्रासाठी गळा पणाला लावू नकोस.

तुझी,
मावशी