उन्हाळ्यात लांब केसांचा कुत्रा भादरावा काय?

प्रश्न : नागपूरच्या उन्हात आमचा पॉमेरेनियन सारखा धापा टाकतो. त्याचे केस समूळ भादरावेत काय?

उत्तर : मुळीच भादरू नयेत. घर्मग्रंथी प्रायः पंजांच्या तळव्यांतच असल्याने जो प्राणी मुख्यत्वे धापा टाकूनच आपले शरीर शीत राखतो, त्याचे केस उतरविले की त्यास गार वाटेल, ही समजूत आपण आपल्याच देहावरून बेतलेली आहे. वस्तुतः त्याच्या दुहेरी आवरणातील वरचे राठ केस प्रखर ऊन त्वचेपर्यंत पोहोचू देत नाहीत, आणि या जातीत ते एकदा मुळाशी कापले की पूर्ववत उगवतीलच, अशी हमी कोणताही जाणता पशुवैद्य देणार नाही. काढावयाची ती आतली गळालेली, गुंतलेली लव. ती तारांच्या ब्रशाने दररोज, आणि स्नानापूर्वी तर अवश्यमेव, विंचरून काढावी, कारण भिजलेली जट अधिकच आवळते. स्नानोत्तर अंग मुळापर्यंत कोरडे करावे. तळव्यांमधील केस मात्र बेलाशक कातरावेत, आणि त्याच बैठकीत कानांमागे व बोटांच्या बेचक्यांत गोचिडांची झडती घ्यावी. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, तोल जाऊ लागला, तर अंगावर गार पाणी ओतून, वारा घालीत, त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.