तंबोरा डुलू नये म्हणून

टर्नटेबलचा आवाज सुधारण्याचे जे सल्ले मिळतात, ते बहुतेक पाश्चात्त्य संगीत डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. माझ्याकडे वाजतात त्या ख्यालाच्या आणि नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी. ख्यालात तंबोरा सुरुवातीपासून अखेरपर्यंत एका जागी उभा असतो आणि सगळ्यात अवघड गाणं शेवटी येतं. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या की कुठे लक्ष घालायचं आणि कुठे पैसे वाचवायचे, हे बरंचसं ठरून जातं. हडपसरच्या फ्लॅटमध्ये राहून जे उमगलं, ते असं.

१. नवं काही घेण्याआधी टर्नटेबल कशावर ठेवलंय ते बघा. सोलापूर रस्त्यावरून रात्री अवजड ट्रक जातात तेव्हा आमच्या खिडकीची काच बारीक थरथरते. सुईचं काम मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी हालचाल टिपण्याचं, त्यामुळे तिच्या लेखी ट्रक आणि गाणं यात फरक नाही. ओट्याचा कडप्पा विकणाऱ्याकडून उरलेला तुकडा टर्नटेबलच्या मापाने कापून घ्यावा आणि खाली चारही कोपऱ्यांना जाड रबर लावावं. स्पीकर त्याच टेबलावर कधीही ठेवू नयेत. त्यांची कंपनं टेबलातून सुईत आणि सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये जातात, डग्गा फुगतो आणि घुमत राहतो. भिंत काँक्रीटची असेल तर ब्रॅकेटवर फळी, याहून चांगलं काही नाही. गणपतीत मिरवणूक रस्त्यावर असेल त्या संध्याकाळी मी सुई उतरवतच नाही.

२. वेग तपासायला तंबोऱ्याइतकं कडक माप नाही. ठेक्याच्या आड लपलेला चढउतार तंबोऱ्याच्या षड्जात लगेच उघडा पडतो. षड्ज डुलतोय असं वाटलं तर घड्याळ हातात घ्या. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. डुलणं नेमकं त्याच अंतराने येत असेल तर दुसरी रेकॉर्ड लावून बघा. ती स्थिर वाजली तर पहिलीचं भोक मध्यावर नाही किंवा ती वाकली आहे, आणि मशीनवर खर्च करून उपयोग नाही. अंतर वेगळं असेल तर बहुधा पट्टा सैल पडलाय किंवा पुलीवर मळ बसलाय.

वेग मोजायची रेघांची चकती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठीची हवी, तीवर ३३⅓ साठी १८० रेघा असतात. अमेरिकेतल्या चकतीवर २१६ असतात, ती इथे फसवते. चकतीवर निऑनचा छोटा दिवा धरावा, बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा स्पष्ट दिसत नाहीत. परदेशातून येताना कुणी तिकडचं जुनं टर्नटेबल घेऊन येतं आणि ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून निश्चिंत होतं. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. मोटर विजेच्या हर्ट्झवर चालणारी असेल तर वेग एक षष्ठांश कमी होतो. काळी एकमध्ये गाणारा गवई खालच्या काळी पाचच्याही किंचित खाली उतरतो. पुली ५० हर्ट्झची बसवल्याशिवाय ते मशीन गाण्याच्या कामाचं नाही.

३. रेकॉर्ड पारखायची ती लेबलाजवळ. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटीमीटर खाच जाते, लेबलापाशी जेमतेम २० च्या आसपास. तेवढाच नाद निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. आता आपली मांडणी बघा: विलंबित बाहेरच्या कडेला, जिथे जागाच जागा आहे, आणि द्रुत, तराणा, जलद ताना सगळ्यात चिंचोळ्या जागी. म्हणून अनेक घरांत विलंबित सुरेख वाजतं आणि तराण्याचे बोल चरचरतात. लोक म्हणतात, रेकॉर्ड घासली. पुष्कळदा ती धडधाकट असते, कार्ट्रिज तिरकं बसलेलं असतं.

यावर उपाय म्हणजे प्रोट्रॅक्टर. तो कागदावर छापून मिळतो, मात्र छपाई पूर्ण मापाची झालीय का हे पट्टीने मोजून घ्यावं. कार्ट्रिजचे दोन स्क्रू सैल करून ते प्रोट्रॅक्टरवरच्या दोन्ही खुणांवर रेघेला समांतर बसवायचं. यात एक संध्याकाळ जाते आणि फरक नव्या मशीनएवढा पडतो. पैसे खर्चायचेच असतील तर गोल टोकाच्या सुईऐवजी लंबवर्तुळाकार टोकाची घ्यावी. तिच्या अरुंद कडा दाटलेल्या खाचेतही नीट पोचतात. दुकानात सुई ऐकायला बसलात तर बाजूची शेवटची दोन मिनिटं लावा म्हणावं. सुरुवात कुठल्याही सुईवर गोड लागते.

४. सुईचा भार कमी म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा समज चुकीचा आहे. हलकी सुई खाचेत नाचते आणि भिंतींना धडका देते. कंपनीने सांगितलेला भार, साधारण दोन ग्रॅम, छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजून ठेवावा.

५. माळ्यावरून निघणाऱ्या जुन्या एचएमव्ही किंवा फिलिप्सच्या प्लेयरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं. त्याला सुमारे दहा लाख ओहमचं इनपुट लागतं. आजच्या अॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये ते थेट जोडलं की खर्ज नाहीसा होतो आणि आवाज पत्र्यासारखा येतो. मधे योग्य प्रीअॅम्प घालावा. आताच्या मॅग्नेट कार्ट्रिजचं उलटं: त्यातून जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात, त्याला ४७ हजार ओहमची फोनो स्टेजच हवी.

६. घरघर ऐकू आली तर आधी अर्थिंग बघा. टर्नटेबलची बारीक अर्थची तार अॅम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडलेली हवी आणि दोन्हींचा प्लग एकाच बोर्डावर. विजेची घरघर ५० आणि १०० हर्ट्झवर असते, म्हणजे पांढरी पाचच्या आसपास. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या षड्जाखाली अर्ध्या सुराहून कमी अंतरावर दुसरा, बेसूर तंबोरा लागल्यासारखं होतं.

७. लाखेच्या ७८ च्या रेकॉर्डींना वेगळी सुई लागते. त्यांची खाच रुंद असते, सुईचं टोक सुमारे ७६ मायक्रॉनचं हवं, स्टिरिओ एलपीचं असतं १८ च्या आसपास. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते आणि फक्त कचरा वाचते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत त्याच कार्ट्रिजवर ७८ ची सुई बदलून लावता येते. दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐकलं की खरखर आणखी घटते. शिवाय फार जुन्या रेकॉर्डी बरोबर ७८ वरच मुद्रित झाल्यात असं नाही. साथीची पेटी दोन पट्ट्यांच्या मधे वाजते असं वाटलं तर वेगावर शंका घ्यावी. योग्य सुई आणि नेमका वेग हे सांगावंच लागतं: १९७७ साली व्हॉयेजर यानांतल्या तबकडीवरून केसरबाई केरकरांची भैरवी अवकाशात गेली, तेव्हा त्या तबकडीसोबत कार्ट्रिज आणि सुई दिली होती आणि एका फेऱ्याला ३.६ सेकंद हा वेग वेष्टनावर कोरला होता. ७८ च्या जुन्या मुद्रणांची माहिती हवी असेल तर मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’चं काम बघावं.

८. जुन्या बाजारातून आणलेली रेकॉर्ड न धुता लावू नये. टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचेत वाळतात. डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या द्रव साबणाचा एखादा थेंब पुरतो, शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावायचं नाही, त्यात लाख विरघळते. लेबल कोरडं ठेवा, रेकॉर्ड उभी वाळवा आणि जुन्या, बुरशी धरलेल्या पाकिटात परत घालू नका.