येतं कुठून, जातं कुठे?



शाळा सुरू होऊन चार आठवडे झाले की पर्यावरणाचा प्रकल्प घरी येतोच. मुलाला तो आठवतो रात्री जेवताना, आणि द्यायचा असतो दुसऱ्या दिवशी. मग बाबा गाडी काढून खोपोलीच्या शिळफाट्यावर स्टेशनरीचं दुकान उघडं आहे का ते बघून येतात. हिरवी कार्डशीट, चमकी, तयार चित्रांचा कागद. आई रात्री अकरापर्यंत कातरत बसते. सकाळी 'झाडे लावा, झाडे जगवा' असा सुबक तक्ता प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशवीत घालून शाळेत जातो, कारण बाहेर आपल्याकडचा पाऊस. गुण चांगले मिळतात. मुलाच्या हाताला मात्र डिंकसुद्धा लागलेला नसतो.

तक्ते करू नयेत असं मी म्हणत नाही. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जे घरात दिसत नाही, ते तक्त्यावरून मुलाच्या अंगी येत नाही. म्हणून आज थोडं हितगुज करायचं आहे. मुलांना दोन प्रश्नांची सवय लावू या. हातात आलेली कुठलीही गोष्ट येते कुठून? आणि आपलं काम झालं की जाते कुठे? खालापूर-कर्जतच्या मुलांना या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात शोधावी लागत नाहीत. पुष्कळशी उत्तरं चालत जाऊन, नाहीतर रिक्षाने जाऊन बघता येतात.

पाण्यापासून सुरुवात करू. खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे टाटांच्या वीजघराचे जाड नळ आपल्या मुलांनी जन्मापासून पाहिलेत. इतके पाहिलेत की त्यांच्याविषयी कुणी विचारतच नाही. एका रविवारी मुलाला ते नळ दाखवून विचारा, "यातलं पाणी कुठलं?" ते घाटमाथ्यावरचं, वळवण, लोणावळा, शिरवटा या तलावांमधलं. तसं ते इंद्रायणीच्या खोऱ्यातलं. माणसाने हात लावला नसता तर भीमा-कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला गेलं असतं. धरणं बांधून ते वळवलं, सुमारे पाचशे मीटर खाली सोडलं, त्या जोरावर जनित्रं फिरवली, आणि १९१५ साली इथली वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली. वीज करून सुटलेलं पाणी पाताळगंगेत येतं. आजूबाजूच्या नद्या होळीनंतर आटतात तेव्हाही पाताळगंगा वाहती दिसते, ती मुख्यतः या पाण्यामुळे.

आता दुसरा प्रश्न. ही नदी पुढे जाते कुठे? खालापूरवरून रसायनी, आपटा, आणि शेवटी धरमतरची खाडी. वाटेत गावं आहेत, पाणीयोजना आहेत, कारखाने आहेत, मासेमारीवर जगणारी माणसं आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तिच्यात पाताळगंगेचं नाव आलेलं आहे. यात कारखान्यांचा वाटा मोठा, हे मुलांपासून लपवायचं कारण नाही. पण आपल्या मोरीतलं पाणी गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत जातं, हेही तितकंच खरं. आपण जे खाली सोडतो ते कुणाकडे तरी वरून येतं. एवढं मुलाला कळलं की साबणाचा चुरा जपून टाकायला वेगळा उपदेश लागत नाही.

पाणी वाचवण्याच्या बाबतीत आपली एक अडचण आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत दारात पाणी, भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत. त्या दिवसांत मुलाला "पाणी जपून वापर" म्हटलं तर ते हसणारच. त्याला त्याच वेळी हिशोब करू द्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस चौरस मीटरचं लहानसं छप्पर घेतलं तरी मोसमात साठ हजार लिटर पाणी त्यावरून वाहून जातं. आणि एवढं पडूनही कर्जत तालुक्यातल्या वाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन रानातल्या डवऱ्यांवर, म्हणजे पाण्यासाठी उकरलेल्या खड्ड्यांवर जातात, टँकरची वाट बघतात. पाऊस भरपूर, पण डोंगरउतारावर तो थांबत नाही. एवढं कळायला पाचवी-सहावीचं मूल पुरेसं मोठं असतं. पन्हळीखाली पिंप ठेवा. पावसाळाभर अंगण, चपला, सायकल, गाडी त्याच पाण्याने धुवा.

घरात पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र असेल तर त्याच्या बारीक नळीखाली मुलालाच बादली लावायला सांगा. एक लिटर पिण्याचं पाणी देताना बहुतेक घरगुती यंत्रं दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. गळक्या नळाखाली रात्री भांडं ठेवून सकाळी मोजायला लावा. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसभरात जवळजवळ बादलीभर पाणी जातं. मुलाने स्वतः मोजलेली बादली तुमच्या दहा व्याख्यानांना भारी असते. मग प्लंबरला बोलावण्याचा तगादा तेच लावतं.

कचऱ्याचं तर विचारूच नका. ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करणं २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घराला बंधनकारक केलं. 'घातक'मध्ये संपलेले सेल, फुटलेल्या ट्यूबा, मुदत टळलेली औषधं. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात नीट गुंडाळून द्यायची. "आपण वेगळा करतो, पण घंटागाडीत सगळं एकत्रच होतं," ही तक्रार सगळ्यांच्याच तोंडी असते आणि ती नेहमीच खोटी नसते. म्हणून ओला कचरा घराबाहेर जाऊच द्यायचा नाही, हा उपाय बरा.

इथे जरा थांबून सांगते, कारण आपल्या हवेत खत करण्याचं तंत्र थोडं वेगळं आहे. पुण्याकडची कृती वाचून केलेली बादली आपल्याकडे श्रावणात हमखास घाण वास मारते. कारण साधं आहे: ओल जास्त, हवा कमी. तर फाल्गुन-चैत्रात सागाची पानगळ होते तेव्हाच मुलांना घेऊन दोन-तीन गोणी वाळकी पानं भरून ठेवा. ओळखीच्या भातगिरणीवर तूस मिळतं, तेही ठेवा. तळाला आणि कडेला भोकं पाडलेली जुनी बादली विटांवर ठेवायची, म्हणजे खालूनही हवा लागते. भाजीच्या देठांचा एक थर, वर चुरलेल्या पानांचा त्याहून जाड थर. मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक विरजणासारखं. झाकण असं की पाऊस आत जाणार नाही. शिजवलेलं तेलकट, मटण-मासळी सुरुवातीला नको. आठवड्यातून दोनदा काठीने खालीवर करायचं.

पहिल्या पंधरवड्यात मूल ओरडत येईल, "आई, अळ्या झाल्या!" तुम्हीही किंचाळलात तर प्रयोग तिथेच संपला. त्या करड्या, चपट्या अळ्या काळ्या माशीच्या एका जातीच्या असतात. भाजीचा चोथा त्या झपाट्याने खातात, घरात रोग पसरवत नाहीत. पांढरी बुरशी दिसली तर सगळं ठीक चाललंय. वास आला तर कोरडी पानं वाढवा. अगदीच सुकलं तर थोडं पाणी शिंपडा. दोन-अडीच महिन्यांनी तळाशी काळसर, मऊ, पहिल्या पावसातल्या मातीच्या वासाचं खत मिळतं. केळ्याची साल कुठे गेली, ती मिरचीच्या रोपात परत कशी आली, हे मुलाने बघितलेलं असतं.

आणि एक विनवणी. चूल किंवा पाणी तापवायचा बंब पेटवताना पटकन लागते म्हणून प्लॅस्टिकची पिशवी घालण्याची सवय आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. ती आजच बंद करा. प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो, आणि तो पहिल्यांदा जातो शेजारी दात घासत उभ्या असलेल्या पोराच्या नाकात. त्यापेक्षा नारळाची शेंडी ठेवा.

भाद्रपदात 'जातं कुठे?' हा प्रश्न बाप्पाच्या बाबतीतही येतो. पेण आपल्याला जवळ, मूर्ती निवडायला मूल सोबत असतंच. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाही, हे त्याला तिथेच सांगा. शाडूची लहान मूर्ती घरच्या टबात विसर्जित करता येते, माती कुंडीत किंवा पुढच्या वर्षीच्या मूर्तीत जाते. घरात प्लास्टरची आलीच असेल तर अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ती विरघळवण्याची पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिलेली आहे. भक्तीत काही कमी होत नाही.

ताटाकडेही 'येतं कुठून?' या नजरेने बघू या. पहिल्या पावसानंतर ठाकूर आणि कातकरी मावश्या पानांवर वाटे मांडून बसतात: शेवळं, टाकळा, कुलू, भारंगी, पुढे करटुली. या रानभाज्यांना ना खत लागतं, ना फवारणी, ना वेष्टन. शेवळं खाजू नयेत म्हणून सोबत काकडं घालायची, हे सांगणारी मावशी म्हणजे चालतंबोलतं वनस्पतिशास्त्र. मुलाला तिच्याशी बोलू द्या, आणि कृपा करून तिच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. तांदळाचंही तसंच. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली भातशेतीची एसआरटी पद्धत पोरांना दाखवून आणण्यासारखी आहे. तिच्यात गादीवाफे एकदाच करतात, चिखलणी आणि लावणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवायची. साचलेल्या पाण्यातल्या भातखाचरातून मिथेन वायू सुटतो. तो या पद्धतीत कमी होतो आणि शेतकऱ्याची कंबरही वाचते. हे बघून आलेलं मूल ताटात भात टाकताना दोनदा विचार करेल.

विजेचं काम सोपं आहे. मीटर वाचायला शिकवा. १००० वॅट एक तास म्हणजे एक युनिट. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दिवा शंभर तासांहून जास्त चालतो. म्हणजे दिव्यासाठी मुलाच्या मागे लागून गीझर चालू ठेवणारे आपण नेमके कुठे आहोत, ते मूलच दाखवून देईल. स्वतःचं छप्पर असेल तर २०२४ पासूनच्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, त्याची चौकशी करा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मीटर तर त्यांच्याकडेही आहे.

आता एक नाजूक गोष्ट. हिरवं घर म्हणता म्हणता सगळा भार आईवर येतो. कचरा तिने वेगळा करायचा, पिशव्या तिने शिवायच्या, फडकी तिने धुवायची. आजीच्या काळी काही वाया जात नव्हतं असं आपण कौतुकाने सांगतो, पण त्यासाठी आजी पहाटे चारला उठत होती हे सांगत नाही. म्हणून कामं वाटा, आणि मुलग्यांना आधी द्या. खताची बादली मुलाची, सुका कचरा बाबांचा. तसंच हिरवेपणा विकत घ्यायलाही धावू नका. घरात चार बाटल्या असताना पाचवी पोलादी बाटली आणली तर त्यात पर्यावरणाचं भलं नाही. जुन्या साडीची पिशवी बाबांच्या गाडीच्या डिकीत असली की पुरे. ती आईच्याच पर्समध्ये का असावी?

आणि मुलांना घाबरवू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ते दिवस इथल्या पोरांच्या मनातून गेलेले नाहीत. जोराचा पाऊस लागला की काही मुलं अजून विचारतात, "आपल्यावर पण डोंगर पडेल?" अशा वेळी "गप झोप" म्हणू नका. आपलं घर कुठे आहे, इशारा आला तर आपण कुठे जाऊ, कोण कुणाचा हात धरेल, हे शांतपणे ठरवून सांगा. पृथ्वीचं ओझं मात्र त्याच्या दप्तरात टाकू नका. पंखा चालू राहिला म्हणून संकटं येतात असं त्याला चुकूनही वाटता कामा नये. जे मोठ्यांनी, कारखान्यांनी, सरकारने करायचं ते त्यांनीच करायचं आहे, आणि ते मागायला आपण नगरपालिकेत जातो, अर्ज देतो, हेही मुलाने पाहावं.

तर या रविवारी एवढंच करा. मुलाला घरातलं एक काम निवडू द्या: मीटर, खताची बादली, आरओची नळी किंवा पावसाचं पिंप. ते काम त्याचं. चॉकलेट नको, फोटो नको, शेजारच्या मुलाशी तुलना नको. तो विसरेल, कंटाळेल. आठवण करा, पण त्याचं काम तुम्ही उरकून टाकू नका. दोन महिन्यांत एक दिवस असा येईल की तोच तुम्हाला विचारेल, "बाबा, ही पिशवी कशाला आणलीत? आता ही जाणार कुठे?" त्या वेळी लहान तोंडी मोठा घास म्हणून त्याला गप्प करू नका. पुढच्या खेपेला पिशवी घेऊन जा.