वाटी आणि चंद्रकोर

ओढ्याकाठच्या दगडावर किंवा ओलसर भिंतीच्या सावलीत हिरव्या, चपट्या फितीसारखी एक वनस्पती चिकटून पसरलेली दिसते. तिला ना खोड, ना पान, ना फूल. तिचा आकार यकृतासारखा वाटल्यामुळे जुन्या वैद्यांनी तिला त्याचेच नाव दिले. हीच यकृतका.

मार्केन्शिया व लुन्युलेरिया या दोन यकृतका तर सख्ख्या बहिणीच भासतात. मग त्या ओळखाव्यात कशा? त्यांच्या पाठीवर पाहावे. तेथे मुकुलिका नावाचे हिरवे कण साठविणारी इवली पात्रे असतात. मार्केन्शियाचे पात्र वाटोळ्या वाटीसारखे असते, तर लुन्युलेरियाचे चंद्रकोरीसारखे. चंद्राच्या लॅटिन नावावरूनच तिचे नाव पडले. पावसाचा थेंब पात्रावर आदळला, की मुकुलिका दूर उडतात आणि तेथेच रुजतात.

बारीक पाने असलेल्या यकृतकांची परीक्षा याहून कठीण. त्यांच्या पेशींत तेलाचे सूक्ष्म गोळे असतात. त्यांची संख्या, रंग व घडण यांवरून जाती ओळखता येतात. परंतु वनस्पती वाळली, की बहुतेक जातींत हे गोळे नाहीसे होतात. म्हणून रानातून आणलेली यकृतका अभ्यासक कागदात दाबून ठेवण्यापूर्वीच, ती ओली असताना, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि दिसेल त्याचे चित्र काढून घेतो.